मदत हवी आहे: गाडी सारखी तापते, वर्कशॉपवाल्यांना दोष सापडेना

नमस्कार मंडळी. चार वर्षांची पेट्रोल गाडी आहे, 52 हजार किमी चाललेली. मार्चपासून तिसऱ्यांदा तापली. परवा तर तुळजापूरच्या घाटात काटा लालला टेकला. मागे आई-बाबा, बाहेर सोलापुरी ऊन, आणि आम्ही बॉनेट उघडून पाऊण तास बाभळीखाली. आई म्हणाली, देवीनंच थांबवलं. मी काय बोलणार!

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, आता म्हणे रेडिएटर बदला. दरवेळी तेच, "साहेब, आता टेन्शन नाही." जॉबकार्डवर मात्र नुसतं 'जनरल चेकअप'. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले म्हणतात.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दहा दिवसांत मिनिममच्या खाली जातं, पण पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. मग जातं कुठं? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नाही, पण सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर जरा जास्त वेळ येतो. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं असेल का? प्रेशर टेस्ट (दाब देऊन कूलंटची गळती शोधायची तपासणी) करा म्हणून दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा टाळलं.

सोलापुरात होटगी रोड, अक्कलकोट रोड, कुठंही चालेल, पण आधी टेस्ट करून मग पाना हातात घेणारा मेकॅनिक सुचवा. वाढीव वॉरंटीचे दोन महिने उरलेत, बाहेर इंजिन उघडलं तर ती जाईल का? आणि ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, अशी तक्रार कुणी केली आहे का? जॉबकार्डच असं मोघम असेल तर पुरावा म्हणून काय दाखवलंत?