माडाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी का येते?

वाडीकर: गुहागरकडे 6 वर्षांचे बाणवली जातीचे माड आहेत. नवी झावळी उघडली की पात्यांना त्रिकोणी काप दिसतात, कोंबाच्या बुडाशी चोथा साठतो. शेणखताचा खड्डा वाडीतच आहे. काय करावं?

माडमित्र: हा गेंड्या भुंगाच. कोंबात शिरून घडी मिटलेलं पान कुरतडतो, म्हणून ते उघडल्यावर काप दिसतात. तारेचा आकडा भोकात घालून भुंगा ओढून काढा. मग निंबोळी पेंड 1 भाग, वाळू 2 भाग मिसळून वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरा. पण खरं मूळ तुमचा तो खड्डाच! अळ्या शेणखतात वाढतात. खत उपसून अळ्या वेचा, राहिलेल्या खतात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. वाडीत कुजणारे माडाचे ओंडकेही ठेवू नका.

आगरवाला: खोडावरही नजर ठेवा. भोकातून तांबूस चिकट रस गळत असेल तर तो सोंड्या भुंगा, आणि त्याने माड हातचा जातो. तो जखमेच्या वासावर येतो, म्हणून चढायला खोडावर खाचा पाडू नका, हिरव्या झावळ्या उगाच तोडू नका.

माडमित्र: बरोबर. शिवाय कोंब कुजू नये म्हणून पावसाआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) फवारा: 10 लिटर पाण्याला मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडी भांडं नको. त्याच दिवशी वापरा.

वाडीकर: उद्याच खड्डा उपसायला घेतो.