ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती?

फोंडा : आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, पाटाच्या कडेने एक वेल पसरते. आई तिला एकपानी म्हणते, शेजारच्या काकी ब्राह्मी. रोपवाटिकेतून मी ‘ब्राह्मी’ म्हणून आणलं ते रोप मात्र भलतंच निघालं. बारीक गुळगुळीत पानं, फिकट जांभळी फुलं. यातली खरी कोणती?

डिचोली : रोपवाटिकेने फसवलेलं नाही, ताई. तुम्ही आणलीत ती नीरब्राह्मी. पानं समोरासमोर, मांसल, चवीला कडूजहर, म्हणून हिंदीत तिला जलनीम असंही नाव आहे. केरळात ब्राह्मी म्हटलं की हीच समजतात. थोडं खारट पाणीही सोसते, त्यामुळे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाकडेलाही तगते. काकींची ती मंडूकपर्णी. मराठी वनस्पतीग्रंथांत कारिवणा. लांब देठ, त्यावर एकच मूत्रपिंडासारखं पान, कडा कातरलेली, कुळ कोथिंबिरीचं. फूल मातीलगत आणि इतकं बारकं, की मुद्दाम शोधावं लागतं. दोन्ही पाणथळीत वाढतात आणि दोन्ही बुद्धिवर्धक मानल्या गेल्या. घोळ झाला तो त्यामुळे.

म्हापसा : संस्कृतातही सगळं सरळ नाही. चरकाने चिकित्सास्थानात चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनं सांगितली : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. या चौघांत ब्राह्मी नाही! उलट अमरकोशात ‘मंडूकपर्णी’ शोधाल तर ती मंजिष्ठेच्या पर्यायांत सापडते, म्हणजे रंग देणाऱ्या मुळांची वेल. ‘ब्राह्मी’ तिथे सरस्वतीच्या नावांतही आहे. बुद्धीशी जोडलेल्या वनस्पतीला हे नाव शोभतं खरं, पण नुसत्या कोशावरून वनस्पती ओळखायला जाऊ नये.

फोंडा : मग लिहिताना काय लिहू?

डिचोली : माझं मत विचाराल तर स्वयंपाकाबद्दल लिहिताना एकपानीच लिहा. घरातला शब्द आहे, पान डोळ्यांसमोर उभं राहतं. औषधाबद्दल लिहिताना नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशी वेगवेगळी नावं द्या. आयुर्वेदिक औषधकोशातही त्यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. नुसतं ब्राह्मी लिहिलंत तर वाचणारा कोणती खुडेल, सांगता येत नाही.

मडगाव : केसांच्या तेलात कोणती घालायची? आमची आजी माक्याबरोबर गोल पानाचीच घालायची आणि त्याला ब्राह्मीचं तेल म्हणायची.

म्हापसा : दोन्ही घालणारी घरं आहेत. बाटली विकत घेणार असाल तर घटकांच्या यादीतलं लॅटिन नाव वाचा. बाकोपा असेल तर नीरब्राह्मी, सेंटेला असेल तर तुमच्या आजीची.

फोंडा : चटणीचं काय? ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिंच घालून आई वाटते ती.

डिचोली : ती एकपानीचीच. नीरब्राह्मी मूठभर टाकलीत तर अख्खी वाटी गाईपुढे ठेवावी लागेल, आणि गायही तोंड लावेल असं नाही. पानं पाटातली असतील तर दोन-तीन पाण्यांनी धुवा, देठाशी चिखल बसलेला असतो.