बुद्धिबळात नऊ वर्षांच्या पोराचा हत्तीला आधी हात लागला, तर तक्रार करावी का?

साक्रीची आई
रविवारी जळगावच्या स्पर्धेत माझ्या आंडोरने, म्हणजे मुलाने, कॅसलिंग (एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवून राजाला सुरक्षित करणं) करताना आधी हत्ती उचलला, मग राजा. समोरच्या मुलीने लगेच हात वर केला. पंच म्हणाले, हत्तीला आधी हात लावलास, आता हत्तीचीच चाल. हत्ती एक घर सरकला, राजा मधोमध उघडा पडला, दहा-बारा चालींत मात. नियम मान्य आहे. पण त्याला काय करायचं होतं ते तिलाही दिसत होतं. इतक्या लहान वयात असली तक्रार शिकवणं मला पटत नाही. खेळून जिंका ना!

शिरपूरचा कोच
ताई, तुमचं दुःख कळतं, पण त्या मुलीचं काही चुकलं नाही. कॅसलिंग ही राजाची चाल. आधी राजा दोन घरं, मग हत्ती, तेही एकाच हाताने. आणि तिच्याकडे वेळ तरी किती होता? चाल करायला तिने स्वतःच्या मोहऱ्याला हात लावला असता, तर तक्रारीचा हक्कच गेला असता. भांडली नाही, ओरडली नाही, पंचांना बोलावलं. माझ्या पोरांना मी हेच शिकवतो.

अमळनेरकर
कोचभाऊ, हे क्लासच्या पोरांना ठीक. आमच्याकडे पोरं आजोबांजवळ ओट्यावर शिकतात. तिथं राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारतो, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. कॅसलिंग कोणाला ठाऊक? पहिल्या फेरीआधी पंचांनी पाच मिनिटं पटावर करून दाखवावं, मग खुशाल नियम लावा.

शिरपूरचा कोच
पाच मिनिटांचं शंभर टक्के मान्य, मी स्वतः आयोजकांना सांगतो. पण म्हणून तिने गप्प बसायचं? २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि माझ्याकडे मुली यायला लागल्या. त्यांना पहिला धडा 'जाऊ दे, बोलू नको' हा द्यायचा का?

साक्रीची आई
मुलगा असता तरी मी हेच म्हटलं असतं, त्यात मुलगी आणू नका. परतताना एसटीत त्याने विचारलं, "आई, ती खोटं तर नाही ना बोलली?" नाही म्हटलं. घरी आल्यावर जेवण बाजूला ठेवून पट मांडला. राजा दोन घरं, मग हत्ती, परत राजा दोन घरं. पण समोरच्याचा हात असा चुकला तर तू हात वर कर, हे मात्र माझ्या तोंडून निघणार नाही.