सल्ला हवा: डब्यासाठी पाकिटातले भाजीचे चिप्स घ्यावेत का?

जामनेरची_सून
मुलगा तिसरीत आहे. भाजी पाहिली की तोंड वाकडं. भरीत तेवढं खातो, तेही कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असेल तर. परवा जळगावला गेलो होतो, तिथे मॉलमध्ये भाजीच्या चिप्सची पाकिटं दिसली. वर बीट, गाजर, भेंडी, पालक यांची झकास चित्रं, शिवाय 'मैदा नाही', 'अस्सल भाज्या' वगैरे. दोन प्रकारची आणली, पठ्ठ्याने दोन्ही फस्त केली. मधल्या सुट्टीच्या डब्यात आठवड्यातून तीन-चारदा दिली तर भाजीची भर निघेल का? सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशात आठवड्याची मेथी येते. चांगला ब्रँड माहीत असेल तर तोही सांगा.

कढईबहाद्दर
आमना घर बी हाईच रामायन शे. वाचतोय.

तापीकाठ
ब्रँडचं नंतर बघू, ताई. आधी पाकीट उलटं करा आणि मागचं सगळं इथे टाका. पुढची बाजू जाहिरातवाल्याची, मागची कायद्याची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे भाजीचं नाव कितव्या नंबरावर आहे ते पाहिलं की निम्मं काम झालं.

जामनेरची_सून
कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचतेय, हसू नका.

हिरव्या-लाल काड्यांचं, ६० ग्रॅम: बटाट्याचा स्टार्च, तांदळाचं पीठ, पाम तेल, मक्याचं पीठ, मसाला, मीठ, पालक पावडर १.५%, टोमॅटो पावडर १%. दर १०० ग्रॅमला ५१० किलोकॅलरी, फॅट २७ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड १२, सोडियम ७८० मिलिग्रॅम, फायबर २.८ ग्रॅम.

दुसरं, कापांचं: रताळं, अळकुडी, गाजर, बीट, भेंडी (एकूण ६५%), राइस ब्रान तेल, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ. ४९० किलोकॅलरी, फॅट २६, सोडियम ३८०, फायबर ७.

तापीकाठ
पहिलं पाकीट म्हणजे रंगीत पोंगे. ६० ग्रॅममध्ये पालक पावडर १ ग्रॅमही भरत नाही. तेवढ्यात कसली भाजीची भर आणि कसलं लोह! उलट सगळं पाकीट खाल्लं तर ३०० च्या वर कॅलरी, १६ ग्रॅम तेल आणि सुमारे ४७० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणा, मीठ कळतं: जवळजवळ सव्वा ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपर्यंत मीठ चालतं, लहानग्याला त्याहून कमी.

आणि पाकिटावर 'प्रति सर्व्हिंग' हा रकाना असेल तर त्याच्या नादी लागू नका. तिथे बहुधा २०-३० ग्रॅमचा हिशेब असतो. कुठलं पोर वीस ग्रॅम खाऊन पाकिटाला रबर लावून ठेवतं? नेहमी १०० ग्रॅमचा रकाना बघायचा आणि पाकिटाच्या वजनाने हिशेब करायचा.

सातपुडा_वारा
पहिल्याबद्दल सहमत. दुसऱ्याची बाजू मात्र थोडी मांडतो, शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं आहे म्हणून.

असे काप बहुतेक वेळा व्हॅक्यूममध्ये तळतात. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे तेल १००-१२० अंशांच्या आसपास ठेवूनही भेंडी कुरकुरीत होते आणि तिचा हिरवा रंग टिकतो. साध्या कढईत तेल १७०-१८० अंशांवर जातं. पिष्ट आणि साखर असलेला पदार्थ १२० अंशांच्या वर तळला-भाजला की अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं, तेव्हापासून चिप्सवाले सावध आहेत. भाजीचे आहेत म्हणून ते कमी असेल असं नाही. बीट, गाजर, रताळ्यात मुळातच साखर असते, नेहमीसारखे कडक तळले तर बटाट्याइतकं किंवा जास्तही होऊ शकतं.

आता पोषण. १०० ग्रॅम भेंडीत ८८-९० ग्रॅम पाणीच असतं. ते उडालं की फायबर, पोटॅशियम, गाजरातलं कॅरोटीन बऱ्यापैकी मागे उरतं, म्हणून फायबर ७ दिसतंय. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट मात्र उष्णतेत बरंचसं जातं. आणि पाण्याची जागा तेल घेतं. भेंडीची भाजी वाटीभर खाल्ली की पोट भरतं, हे चिप्स गप्पा मारता मारता संपतात.

यादीत रताळं आणि अळकुडी पुढे का, तेही बघा. दोन्हींत पाणी कमी, सुकल्यावर वजन जास्त उरतं, म्हणून कारखान्याला परवडतात. भेंडी महागात पडते, ती शेवटी आणि चित्रात सगळ्यात मोठी.

माल्टोडेक्स्ट्रिन काप कुरकुरीत राहावेत म्हणून वापरतात. ते स्टार्चपासूनच होतं, पचतं साखरेसारखं झटपट, पण 'एकूण साखर' या रकान्यात ते जवळपास दिसतच नाही.

भरीतप्रेमी
म्हणजे घ्यायचं की नाही ते एका ओळीत सांगा ना भो!

सातपुडा_वारा
दुसरं पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, खाऊ म्हणून. भाजीच्या खात्यात शून्य धरा.

दादरवाली
माझी दोन्ही नातवंडं डब्यात भाजलेली बिबडी नेतात. दादर (ज्वारी) भिजवून, कांडून, तीळ-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या धोतरावर थापून वाळवायची. गॅसवर जाळी ठेवून भाजली की कडाकड वाजते, तेलाचा थेंब नाही. सोबत मूठभर शेंगदाणे. मऊ पडू नये म्हणून भाजून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरते. नागलीचे पापडही तसेच.

तापीकाठ
बिबडीला माझंही मत. पापडात मात्र मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. भाजला म्हणून ते कमी होत नाही, तेव्हा एखादाच द्या. फुटाणे सगळ्यात सोपे, १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. फक्त खारे नको.

पण बिबडी असो की फुटाणे, भाजीचा प्रश्न तसाच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्यांसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत, बटाटा सोडून. ते चिप्सने कधीच भागणार नाही. पोरगा भरीत खातो म्हणता ना? मग वांग्यासोबत दुधी भाजून मिसळा, हिरवी मिरची आणि कांद्याच्या पातीपुढे त्याला पत्ताही लागत नाही. कळण्याच्या पिठात मेथी चिरून घाला.

जामनेरची_सून
दुधीचं करून बघते. सासूबाईंना हा धागा दाखवणार नाही, मेथीवरून वर्षभर ऐकावं लागेल. एक राहिलं: सावद्याहून येताना रस्त्यावर केळीचे ताजे वेफर्स घेतो, डोळ्यांदेखत तळलेले. ते तरी पाकिटापेक्षा बरे ना? केळी आपलीच, जीआयवाली (भौगोलिक मानांकन मिळालेली).

सातपुडा_वारा
चवीला प्रश्नच नाही. कच्चं केळ थेट कढईवर किसणीने पाडतात आणि मिठाचं पाणी तेलातच मारतात, तो वास मलाही सुटत नाही. पण तेल तिथेही वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातं. जीआय केळीला आहे, कढईला नाही. सुट्या वेफर्सवर लेबल नसतं, म्हणजे तेल कोणतं आणि मीठ किती ते कळायला मार्ग नाही. तेल काळपट दिसलं, फेस धरत असेल, नाकात चरचरलं तर पुढच्या गाड्यावर जा. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल २५ टक्के पोलर कंपाउंडच्या (तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं) वर गेलं की वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे, पण रस्त्यावर मोजायला कोण बसलंय! सकाळी पहिल्या घाण्याचे मिळाले तर पाव किलो घ्या, घरी चौघांत वाटा. डब्यात पिकलेलं केळंच द्या.

कढईबहाद्दर
पिकेल केळं दप्तरमा चेंदी जास भो. त्यावर काही?

दादरवाली
स्टीलचा उभा डबा घ्या, दोन केळी आडवी न ठेवता उभी बसतात. आणि केळं थोडं कडक असतानाच द्या.