मैत्रिणीबरोबर अर्धमॅरेथॉन धावताना वेग कोणाचा धरावा?

प्रश्न – पाऊलवाट

मी आणि माझी मैत्रीण अशा दोघींनी एकाच अर्धमॅरेथॉनसाठी नावे नोंदवली असून स्पर्धेला आता साडेपाच आठवडे उरले आहेत. दोघींचीही ही पहिलीच अर्धमॅरेथॉन आहे. अडचण अशी की १० किलोमीटरला तिला ५८ मिनिटे लागतात आणि मला ७०. तरीही आरंभरेषेपासून शेवटपर्यंत बरोबरच धावायचे, असे आम्ही नाव नोंदवतानाच एकमेकींना सांगून बसलो आहोत. तिचा वेग मला झेपत नाही आणि माझा तिला फार संथ वाटेल, म्हणून मधला मार्ग काढून किलोमीटरला ६ मिनिटे ४० सेकंद हा वेग आम्ही ठरवला.

गेल्या रविवारी त्याच वेगाने १५ किलोमीटर धावून पाहिले. पहिले ५ किलोमीटर सुखाचे गेले, ९व्या किलोमीटरपासून माझे बोलणे थांबले आणि शेवटचे ३ किलोमीटर मी चक्क चालत काढले. ती पूर्ण वेळ माझ्यापुढे अर्धे पाऊल राहत होती, मुद्दाम नव्हे, पण राहत होती. आणि दर वेळी ते अर्धे पाऊल भरून काढण्याचा प्रयत्न मी करत होते. तिला मी यातले काहीच बोलले नाही. वेग आणखी थोडा कमी करावा, की बरोबर धावण्याचा हट्टच सोडावा? ज्यांनी जोडीने ही स्पर्धा केली आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – दमसास

तुमची चूक त्या ‘मधल्या’ वेगात आहे. ७० मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटे, आणि तेही जीव तोडून धावल्यावर. याचा अर्थ असा की जो वेग तुम्ही जेमतेम १० किलोमीटर टिकवू शकता, त्याहून २० सेकंद जलद वेगाने तुम्ही २१.०९७५ किलोमीटर धावण्याचे ठरवले आहे. मैत्रिणीला तोच वेग गप्पा मारत धावण्याइतका सोपा आहे. दोन आकड्यांची सरासरी काढली की ती दोघींना सारखीच सोयीची होईल असे कागदावर वाटते. मात्र जलद धावणारीला हळू धावता येते आणि हळू धावणारीला जलद धावता येत नाही, इतका हा व्यवहार एकतर्फी आहे.

पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याचे एक सूत्र धावपटूंमध्ये बरेच वापरले जाते. अंतर जितक्या पटींनी वाढते त्या पटीचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने आधीच्या वेळेला गुणायचे. त्यानुसार तुमची अर्धमॅरेथॉन साधारण २ तास ३४ मिनिटांची आणि मैत्रिणीची २ तास ८ मिनिटांची होईल. हा केवळ अंदाज आहे आणि सराव पुरेसा नसेल तर तो हमखास आशावादी ठरतो, पण तुमचा खरा वेग ७ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास आहे एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

पहिले ५ किलोमीटर सुखाचे का गेले, हेही समजून घ्यावे. श्रमाची एक मर्यादा असते. तिच्या आत रक्तातले लॅक्टेट (श्रम करताना स्नायूंत तयार होणारे द्रव्य) तयार होते तसे वापरलेही जाते, आणि ती ओलांडली की ते साचू लागते. सराव असलेल्या माणसालाही त्या मर्यादेवर सुमारे तासभरच तग धरता येतो. शिवाय त्या वेगात स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा झपाट्याने खर्च होतो. ताज्या पायांना ही उधळपट्टी लगेच जाणवत नाही, तिचा हिशेब १२व्या-१३व्या किलोमीटरला चुकता करावा लागतो. तुमच्या रविवारी नेमके हेच घडले आहे.

तेव्हा बरोबर धावायचे असेल तर वेग पूर्णपणे तुमचा असावा, आणि पहिले ३ किलोमीटर त्याहूनही १०-१५ सेकंद हळू जावेत.

उत्तर २ – मागचापुढचा

तुमच्या जोडीतील ‘मैत्रिणीच्या’ जागी मी होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझा मित्र माझ्यापेक्षा किलोमीटरला मिनिटभर संथ होता आणि मी मोठ्या उदारपणे त्याला सोबत करायचे कबूल केले होते. ते अर्धे पाऊल मीही पुढे टाकत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. स्पर्धा संपल्यावर तो म्हणाला की, दोन तास तुझ्या खांद्याकडे बघत धावलो. ते ऐकून मी खजील झालो.

पुढच्या वेळी आम्ही एकच नियम केला: मी त्याच्या अर्धे पाऊल मागे राहायचे, पुढे कधीच नाही. जलद धावणाऱ्याला हे वाटते त्यापेक्षा अवघड जाते, कारण पाय आपोआप आपली लय पकडतात. शिवाय संथ धावण्याने थकवा येत नाही, हा समज खोटा आहे. २ तास ८ मिनिटांऐवजी अडीच तास पायांवर राहणे म्हणजे काही हजार पावले जास्त पडणे. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्या नेहमीच्या शर्यतीनंतर दुखतात त्याहून अधिक दुखल्या. म्हणून तिनेही एक-दोन लांब पल्ल्याचे सराव तुमच्याच वेगाने करून पाहावेत.

बोलण्याविषयी एक सूचना करतो. पहिल्या १० किलोमीटरमध्ये तिने अधूनमधून असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे लागेल. उत्तर एका शब्दात आले तर वेग कमी करावा. १६ किलोमीटरनंतर मात्र प्रश्न बंद. विशेषतः ‘थोडे चालू या का?’ हा प्रश्न सोबत्याने कधीही विचारू नये. तोपर्यंत डोक्यात नसलेला विचार त्या प्रश्नाने डोक्यात शिरतो आणि मग तो निघत नाही.

उत्तर ३ – एकटीच

माझे मत वरच्या दोघांहून वेगळे आहे. दोघींचीही पहिलीच अर्धमॅरेथॉन आहे, मग एकीने आपली २६ मिनिटे का सोडावीत? आणि ती सोडली आहेत ही जाणीव दुसरीने अडीच तास का वाहावी? खरी सोबत सरावात लागते, पहाटे अंथरुणातून उठवायला. शर्यतीच्या दिवशी आजूबाजूला माणसांची कमतरता नसते. २ तास ३० मिनिटांचा फलक घेतलेला पेसर (त्या वेळेत शर्यत पुरी होईल अशा एकसारख्या वेगाने धावणारा वाटाड्या) असेल तर त्याच्या मागे धावणे अनोळखी असले तरी निर्धास्त असते, कारण त्याच्या मनाचा विचार तुम्हाला करावा लागत नाही. तुम्हाला तो फलक किंचित जलद पडेल, त्यामुळे आरंभी तो थोडा पुढे जाऊ द्यावा.

बिबवरच्या (छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीवरच्या) किंवा बुटावरच्या चिपमुळे प्रत्येकीची वेळ स्वतंत्र मोजली जाते, हे तर आहेच. मी माझ्या मैत्रिणीबरोबर सगळा सराव केला, आरंभरेषेवर हात मिळवला आणि थेट अंतिम रेषेपलीकडे भेटले. त्यात मैत्रीला काही उणे आले नाही.

उत्तर १ – दमसास (पुन्हा)

एकटीच यांचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त या दोन्हींच्या मधली तडजोड करू नये. म्हणजे १५-१६ किलोमीटरपर्यंत बरोबर आणि मग जलद असलेलीने सुटायचे, असे ठरवू नये. ऐकायला ते न्याय्य वाटते, पण त्यामुळे जलद धावणारीची वेळ तर गेलेली असतेच, आणि १६ ते १९ किलोमीटर या सर्वांत रुक्ष टप्प्यात संथ धावणारी नेमकी एकटी पडते. सुटायचेच असेल तर पहिल्या किलोमीटरलाच सुटावे.

उत्तर ४ – दोनघड्याळे

वेगाचे सगळे सांगून झाले आहे, म्हणून किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी लिहितो. दोघींपैकी एकीनेच घड्याळाकडे पाहावे. दोन जीपीएस घड्याळे कधीच एकमत करत नाहीत, आणि १८व्या किलोमीटरला ‘माझ्यात १८.२ दाखवते’ हा वाद घालण्याइतके त्राण कोणात नसते. प्रमाणित मार्ग वळणांवरच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि गर्दीत आपण तसे धावू शकत नाही, म्हणून घड्याळात अंतर बहुधा जास्तच भरते. मार्गावरचे फलक प्रमाण मानावेत.

पाणी प्रत्येकीने आपल्या तहानेप्रमाणे प्यावे. सोबतीण थांबली म्हणून आपणही दर ठिकाणी पेला रिकामा करणे हितावह नाही. संथ धावणाऱ्यांना रस्त्यावर वेळ जास्त मिळतो आणि गरजेपेक्षा अधिक पाणी पोटात गेल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. एकीला दुखापत झाली किंवा प्रसाधनगृहात थांबावे लागले तर दुसरीने थांबायचे की पुढे जायचे, हे आधीच ठरवून ठेवा. धापा टाकताना घेतलेले निर्णय भिडेखातर घेतले जातात.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल हा सगळा धागा मी मैत्रिणीला वाचायला दिला. अर्ध्या पावलाचे वाचून ती आधी हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली. त्यानंतर तिने जे सांगितले ते मला अनपेक्षित होते: वेळ नोंदवण्याची तिला सध्या हौस नाही, तर १५च्या पुढे ती एकटी कधीच धावलेली नाही आणि त्याची तिला धास्ती वाटते. मी तिला मागे खेचते आहे असे समजून मी पळत होते आणि मी तिला सोडून देईन या भीतीने ती सोबतीचा आग्रह धरत होती.

एकटीच, आपला सल्ला आम्ही दुसऱ्या अर्धमॅरेथॉनसाठी राखून ठेवला आहे. या वेळी वेग माझा, ७ मिनिटे २० सेकंद, आणि ती मागे. प्रसाधनगृहासाठी थांबायचे, पण पायात गोळा आला तर पुढे जायचे, असे ठरले आहे. येत्या रविवारी १६ किलोमीटर धावून पाहणार आहोत आणि तिचे घड्याळ त्या दिवशी घरीच राहील.