पणजोबांच्या पुढे गाडं अडलंय? रामकुंडावर जा

वंशावळ शोधताना पणजोबांच्या मागचं एकही नाव मिळत नाही, अशी अडचण येते. जन्मदाखल्यांच्या मागे लागण्याआधी एकदा नाशिकला पंचवटीत रामकुंडावर जाऊन या. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावर विधी करणाऱ्या गुरुजींकडे, यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आम्ही आजीच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा गुरुजींनी आधी आडनाव आणि मूळ गाव विचारलं. आम्ही 'नाशिकरोड' म्हणालो तर हसले! हवं असतं ते पिढ्यांपूर्वीचं गाव, त्यावरूनच गुरुजींच्या कोणत्या घराण्याकडे वही आहे ते कळतं.

लाल कापडात बांधलेली लांबट वही, कडा कुरतडलेल्या. पणजोबांची सही मोडी या जुन्या मराठी लिपीत होती. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नसतो, त्यामुळे वाचायला गुरुजीच लागले. खाली शके १८३४. त्यात ७८ मिळवा, म्हणजे साधारण १९१२. सोबत आलेल्या भावांची, मुलांची नावंही होती. पणजीचं मात्र नाही, नुसतंच 'कुटुंब', म्हणजे बायको. ते जरा लागलंच मनाला.

फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि निघताना आपली, लेकीसुनांची नावं माहेरच्या आडनावासकट लिहून या. दक्षिणा यथाशक्ती.