कोणते उपकरण या क्षणी किती बँडविड्थ घेत आहे, हे मोफत साधनांनी कसे पाहावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालते आणि तिथल्या संगणकांची व वायफायची देखभाल माझ्याकडे आहे. जोडणी १०० एमबीपीएसची फायबरची असून तीस-पस्तीस मोबाइल, काही लॅपटॉप आणि कार्यालयातला उबुंटूवर चालणारा एक संगणक एवढा पसारा तिच्यावर आहे. दिवसभर सुरळीत चालते, परंतु संध्याकाळी सातनंतर व्याख्यानांचे व्हिडिओ अडखळू लागतात. तक्रार केली की सेवा पुरवणाऱ्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, स्पीड टेस्ट लावतो, आकडा चांगला दिसतो आणि तक्रार बंद होते. मी कार्यालयातल्या संगणकावर आयएफटॉप हे चालू क्षणाची रहदारी दाखवणारे साधन बसवले, पण त्यात फक्त त्याच संगणकाची ये-जा दिसते. सर्व उपकरणांचा वापर त्या-त्या क्षणी दाखवील आणि शक्य झाल्यास नोंदही ठेवील, असे मोफत सॉफ्टवेअर कोणते?

उत्तर : दोन_तारा

आयएफटॉप उत्तम आहे. ते चुकीच्या जागी बसले आहे, एवढेच. स्विच प्रत्येक पॅकेट ज्याचे त्याच्याच पोर्टवर पाठवतो, त्यामुळे शेजारच्या उपकरणाची रहदारी आपल्या संगणकापर्यंत येतच नाही. मोजणी राउटरवरच व्हायला हवी, कारण सर्वांची वाट तिथूनच जाते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर चालणारी मोफत प्रणाली आहे. आपला राउटर तिच्या यादीत असेल तर ती त्यावर चढवावी. तिच्या लुसी या वेबपानावर चालू क्षणाचे आलेख आयतेच मिळतात, आणि एनएलबीडब्ल्यूमॉन हे छोटे पॅकेज बसवले की प्रत्येक उपकरणाने किती डेटा घेतला व किती पाठवला, याची बेरीज दिसू लागते.

आयएफटॉपही राउटरवर चालते, मात्र ते आतल्या बाजूच्या, म्हणजे बीआर-लॅन या इंटरफेसवर लावावे. बाहेरच्या बाजूला लावल्यास नॅटमुळे, म्हणजे राउटर करतो त्या पत्त्यांच्या अदलाबदलीमुळे, सर्व मोबाइल एकाच पत्त्याआड दडतात. उजवीकडचे तीन रकाने अनुक्रमे मागच्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी दाखवतात. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी उतरत असल्याने पहिला रकाना सतत उसळत राहतो. त्याकडे पाहून कोणाला दोष देऊ नये, ४० सेकंदांचा रकाना पाहावा. एककांचेही भान हवे. आयएफटॉप बिटांत मोजते, तर नेटहॉग्ज हे तशाच कामाचे दुसरे साधन किलोबाइटांत. आपली १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण भरली तरी बाइटांत ती सेकंदाला १२.५ मेगाबाइटच भरते.

उत्तर : जुना_मोडेम

सेवा पुरवणाऱ्यांच्या डब्यात असा बदल सहसा करता येत नाही. त्या डब्याचे वायफाय बंद करून त्यामागे स्वतःचा राउटर जोडावा. जुना संगणक आणि दोन नेटवर्क कार्डे हाताशी असतील तर त्याचा पूल (ब्रिज, म्हणजे एका कार्डातून आलेली रहदारी दुसऱ्यातून पुढे सोडणारा दुवा) करून वाटेत ठेवता येतो व त्यावर एनटॉपएनजी या रहदारी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती चालवता येते. ब्राउझरमध्ये ३००० क्रमांकाच्या पोर्टवर ती उघडते आणि रहदारी कोणत्या प्रकारच्या अ‍ॅपची आहे, हेही बऱ्याच अंशी ओळखते. तरीही तीस-पस्तीस मोबाइलांसाठी एवढा खटाटोप मला जास्त वाटतो, शिवाय कोण कोणत्या संकेतस्थळावर जातो हे पाहण्याचे आपल्याला कारणही नाही. वापर मोजला जातो, अशी सूचना फलकावर लावावी आणि बेरजेपुरतेच थांबावे.

१९९५ सालच्या एमआरटीजी या रहदारीचे आलेख काढणाऱ्या साधनाचे नाव कोणी सुचवील. नोंदीसाठी ते आजही उपयोगी आहे, पण ते साधारणतः दर पाच मिनिटांची सरासरी काढते आणि आपला अडखळा दोन मिनिटांचा असेल तर तो त्या सरासरीत विरघळून जाईल.

उत्तर : सांजवारा

मला अपलोडचा संशय आहे. संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो परस्पर क्लाउडवर चढू लागतात. अपलोडची बाजू भरली की डाउनलोडच्या पोचपावत्यासुद्धा त्याच रांगेत अडकतात आणि व्हिडिओ थांबतो. सकाळी, रिकाम्या जोडणीवर लावलेल्या स्पीड टेस्टमध्ये यातले काहीच दिसत नाही.

म्हणून सातनंतर आयएफटॉप चालू ठेवून, वायफायवरच्या एका लॅपटॉपवरून दोन पिंग (उत्तर किती वेळात येते हे मोजणारे छोटे संदेश) सोडावेत : एक राउटरला, दुसरा बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरलाच उत्तर द्यायला उशीर होत असेल तर दुखणे वायफायचे आहे. एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर, त्यातही २.४ गिगाहर्ट्झवर, एवढे मोबाइल असले तर हे सहज होते आणि बँडविड्थ मोजणारे कोणतेही सॉफ्टवेअर ते दाखवणार नाही. राउटर तत्पर असून बाहेरचा पिंगच लांबत असेल आणि त्याच वेळी एखादी दिशा भरलेली असेल, तर ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम हे पॅकेटांची रांग आटोक्यात ठेवणारे पॅकेज बसवून त्यात केक ही रांगपद्धत निवडावी. दोन्ही दिशांची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. जोडणी भरलेली नसताना बाहेरचा पिंग लांबला, तरच सेवा पुरवणाऱ्यांशी भांडण्यात अर्थ आहे. त्यासाठी व्हीएनस्टॅट हे वापराची नोंद ठेवणारे साधन ठेवावे. ते पॅकेट न उघडता कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) मोजणीआकडे वाचते, त्यामुळे राउटरवर भार पडत नाही, आणि तासवार वापराची नोंद तक्रारीला जोडता येते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. आमचा स्वतःचा राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर या नोंदी राहतात का?

उत्तर : दोन_तारा

एनएलबीडब्ल्यूमॉन मूळ मांडणीत नोंदी रॅममध्ये ठेवते, त्यामुळे वीज गेली की त्या जातात. एक पेनड्राइव्ह लावून नोंदींची जागा तिथे वळवावी. राउटरच्या अंगच्या फ्लॅशवर सतत लिहू नये, ती झिजते. आणखी एक, हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटे पुढे सोडण्याचे काम थेट चिपवर सोपवणारी सोय) चालू असल्यास बंद करावे. ते चालू असताना बरीचशी पॅकेटे कर्नलला वळसा घालून जातात, मोजणी कमी येते आणि एसक्यूएमचाही उपयोग होत नाही. १०० एमबीपीएससाठी त्याची गरज सहसा पडत नाही.